उमाटे मिस्तरी आणि कागदावरचं वय

माझे सख्खे मामा वारले तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. तेरवीच्या जेवणापर्यंत ते सदुसष्ट वर्षांचे झाले. ही नऊ वर्षं त्यांना उमाटे मिस्तरींनी दिली.

आधी मिस्तरी कोपऱ्यात सतरंजीवर अगदी शहाण्यासारखे बसले होते. मग हळूच सरकत माझ्या आईजवळ गेले. आई म्हणजे मामांची थोरली बहीण, रडून रडून थकलेली. मिस्तरींनी तिला विचारलं, "बाई, भाऊ झाला तवा तुमच्या घरी कोणती गाय होती?" आईला वाटलं, सांत्वन करतायत. ती म्हणाली, कपिला होती. "कपिला पहिलारू होती का दुसऱ्या येताची?" आईनं आठवून सांगितलं. "आन आंगणातली विहीर तवा खणली होती का नाई?" अशा पाच-सात प्रश्नांनंतर मिस्तरींनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि शेवटचं विचारलं, "हात कसे होते जी त्याईचे? आखूड?" मामांचे हात खरंच आखूड होते. मिस्तरी मांडीवर थाप मारून म्हणाले, "मंग तेच तं! कागदावर अठ्ठावन. खरे सदुसष्ट. गळ्याचा कॅन्सर वयानंच झाला, दुसरं काई नाई."

मामी पदर तोंडाला लावून रडत होती, ती थांबली आणि त्यांच्याकडे बघत राहिली. आपण समजत होतो त्याहून नऊ वर्षांनी मोठ्या माणसाशी आपला संसार झाला, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

उमाटे मिस्तरी हे वर्ध्याजवळच्या सेलूच्या बाजारातले फवारणी पंप दुरुस्त करणारे. आमच्या गल्लीत, माझ्या घराला लागून त्यांचं घर. पाठीवरचा पंप, हातानं मारायचा पंप, बॅटरीवरचा पंप, कुठलाही पंप गळत असो की दाबच धरत नसो, पंचक्रोशीतले कास्तकार तो मिस्तरींकडेच आणायचे. काम चोख. फक्त एक अट होती. पंप धुतलेला पाहिजे. "मळका पंप मी उघडत नाई," असं ते डॉक्टरच्या तोऱ्यात सांगायचे. आणि मग तेच मिस्तरी तुंबलेलं नोझल तोंडात धरून फूऽ करून फुंकायचे. मी कितीदा तरी ओरडलो असेन. ते नोझल हातावर झटकायचे आणि म्हणायचे, "चाळीस वर्सं फुकून राह्यलो सर. मले काय झालं?"

हा त्यांचा हुकमी पुरावा होता.

मी इथल्याच शाळेत विज्ञान शिकवलं. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. विज्ञान शिकवणाऱ्याला एक खोड लागते, समोरच्याचं चुकलं की आपल्याला झोप येत नाही. मिस्तरींचं चुकत होतं. त्यामुळे अकरा वर्षं, जवळजवळ रोज संध्याकाळी, आमच्या ओट्यावर एकच वाद चालायचा. कॅन्सर कशानं होतो? मी म्हणायचो, हवेनं, पाण्यानं, धुरानं, औषधांनी. औषध म्हणजे आमच्याकडे कपाशीवर मारायचं औषध. मिस्तरी म्हणायचे, वयानं.

"मशीन जुनी झाली का वॉशर जाते. वॉशर गेला का पंप गळते. त्याच्यात हवेचा काय कसूर?"

"पण मिस्तरी, रोज ॲसिड भरलं तं वॉशर लवकर जाईन का नाई?"

मग ते पायानं चप्पल चाचपायचे. मी चहाचा घोट घ्यायचो. तो घोट फार गोड लागायचा.

"आन लहान पोट्ट्याईले होते तो?"

"ते येगळं," ते म्हणायचे आणि चप्पल घालायचे.

आता वयाच्या बाबतीत त्यांची अडचण अशी होती, की आमच्या भागात कॅन्सरनं जाणारी माणसं म्हातारी नसायची. कुणी बावन्न, कुणी सत्तेचाळीस. म्हणून मिस्तरींनी स्वतःचा मार्ग काढला. ते कागदावरचं वय मानायलाच तयार नव्हते. आणि खोटं कशाला बोलू, त्यात तथ्यही होतं. आमच्याकडे साठीच्या पुढचा कुणीही धरा आणि आधार कार्ड बघा, जन्मतारीख एक जुलै. अख्खा गाव एका दिवशी जन्मलेला. कारण शाळा तेव्हा उघडायची, आणि घरच्यांना तारीख ठाऊक नसायची. गुरुजी पोराला उभं करायचे आणि म्हणायचे, उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान धर. कान हाती लागला की पोरगं सहा वर्षांचं. नाही लागला तर पुढच्या साली या.

या पद्धतीवर मिस्तरींनी आपलं शास्त्र उभारलं होतं. ज्याचे हात आखूड, त्याला कान उशिरा गवसला, म्हणजे तो थोराड होऊनच शाळेत गेला, म्हणजे कागदावर आहे त्यापेक्षा तो मोठा. ते लग्नातले जुने ग्रुप फोटो मागून घ्यायचे आणि त्यात फक्त हात बघायचे. बाजारात ओळखीचा माणूस भेटला की म्हणायचे, "लावा बरं कान." माणूस दोन्ही हातात भाजीच्या पिशव्या घेऊन उभा असला तरी. गल्लीतली पोरं तर त्यांना बघून नमस्कार करायच्याऐवजी डोक्यावरून हात नेऊन कान धरायची, आणि मिस्तरी तेवढ्याच गांभीर्यानं मान हलवून तो स्वीकारायचे.

पलीकडच्या आळीतल्या शिवणकाम करणाऱ्या काकू छातीच्या गाठीचं ऑपरेशन करून, सगळे उपचार सोसून, बऱ्या होऊन घरी आल्या. मिस्तरी अर्धा डझन केळी घेऊन भेटायला गेले. विचारपूस केली, डोळ्यांत पाणी आणलं, आणि निघताना म्हणाले, "काकू, तुमी पासष्टच्या खाली काई नाई." काकूंनी सुनेला चौपन्न सांगितलं होतं. कॅन्सरमधून उठलेली बाई काठी घेऊन फाटकापर्यंत त्यांच्या मागे आली. मिस्तरी परत येऊन मला म्हणाले, "तब्येत चांगली हाय. पळते."

मी हे किस्से स्टाफरूममध्ये सांगायचो. हशा व्हायचा. मिस्तरी हे आमचं करमणुकीचं साधन होतं.

त्यांची बायको, सिंधूबाई, अकरा वर्षांपूर्वी कॅन्सरनंच गेली. कागदावर एकोणपन्नास वर्षांची होती. हे सगळं वयाचं वेड त्यानंतर सुरू झालं. गल्लीत हे सगळ्यांना दिसत होतं, मलाही दिसत होतं. पण मला वाटायचं, माणूस एकटा पडला की काहीतरी धरून बसतो, कुणी भजन धरतं, यांनी वय धरलं. त्याच्या पलीकडे मी विचार केला नाही. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेलेली. घरात ते एकटेच.

सिंधूबाईंचं वय तर त्यांनी थेट साठीवर नेलं होतं. मी एकदा बोटं मोजून दाखवली.

"मिस्तरी, सिंधूताई साठच्या होत्या तं तवा तुमी त्रेपनचे. म्हंजे बायको तुमच्याहून सात वर्सांनी मोठी?"

ते अजिबात गडबडले नाहीत. "असन. म्हणून तं अक्कल होती."

मी खूप हसलो. तेही हसले. पण हसताना ते माझ्याकडे बघत नव्हते, शेजारच्या त्यांच्या बंद दाराकडे बघत होते. हे मला दिसलं होतं, म्हणजे मी आंधळा नव्हतो. एवढंच, की वाद रंगात आला होता.

माझ्या हातून झालेली एक गोष्ट सांगतो. शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. मी कॅन्सरवर एक दालन उभारलं. चित्रं होती, तक्ते होते, पण मध्ये ठेवायला काहीतरी ठसठशीत वस्तू हवी होती. मी मिस्तरींकडे गेलो आणि एक जुना पाठीवरचा पंप मागितला. काय लिहिणार ते सांगितलं नाही. त्यांनी तीन दिवस खपून तो पंप घासला, पितळी भाग चिंचेनं लखलखीत केला आणि स्वतः सायकलवर आणून दिला. मी तो टेबलावर ठेवला आणि वर पाटी लावली, 'आपल्या घरातला मारेकरी'.

दुसऱ्या दिवशी मिस्तरी इस्त्रीचा शर्ट घालून प्रदर्शन बघायला आले. त्यांचा पंप कुठल्या शाळेत मांडला जाण्याची ती पहिलीच वेळ. टेबलासमोर उभे राहिले. पाटी वाचली. पुन्हा वाचली. मला वाटलं आता वाद घालतील, मी तयारच होतो, आजूबाजूला मुलंही जमली होती. ते म्हणाले, "वॉशर नवा टाकला हाय सर. गळणार नाई." आणि गेले. आठवडाभर ते आमच्या ओट्यावर आले नाहीत. मी बायकोला म्हणालो, "बघ, मुद्दा पटला त्यांना."

मंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि आत गेली.

गेल्या हिवाळ्यात वाद फारच चढला. निमित्त गावाबाहेर जाळल्या जाणाऱ्या कचऱ्याचं होतं, पण फिरून फिरून तो सिंधूबाईंच्या वयावर आला. ते म्हणाले, साठ. मी म्हणालो, एकोणपन्नास. ते म्हणाले, तिचे हात आखूड होते. मी म्हणालो, "अंदाज पुरे झाला मिस्तरी. त्याईचं माहेर रोहण्याले ना? कोणी जुनं माणूस असन तिथं. चला, इचारूनच घेऊ. होऊन जाऊ द्या."

मिस्तरी दचकले. इतक्या लोकांच्या घरी जाऊन गायीगुरांच्या हिशेबानं वयं काढणारा माणूस, पण अकरा वर्षांत रोहण्याला जाऊन हा एक प्रश्न त्यानं विचारला नव्हता. ते का, हे मी तेव्हा स्वतःला विचारायला हवं होतं. मी एसटीचं वेळापत्रक बघितलं.

सेलूहून वर्धा, वर्ध्याहून आर्वी, आर्वीहून रोहणा. दोन्ही बाजूंनी कपाशी वेचायला आलेली, तूर पिवळी झालेली. मिस्तरींच्या मांडीवर केळ्यांची पिशवी होती. वाटेत ते एकदाच बोलले. "मावशी जिती हाय अजून. नव्वदची असन." मी म्हणालो, "कागदावर का खरी?" आणि स्वतःच्या विनोदावर हसलो.

मावशी अंगणात उन्हाला बसली होती. नजर गेलेली, पण कान आणि डोकं खणखणीत. सिंधूला आई गेल्यावर तिनंच वाढवलेलं. जावई आल्याचं कळताच तिनं चाचपडत त्यांचा चेहरा दोन्ही हातांत घेतला, "वाळून गेले तुमी," म्हणाली, थोडी रडली, मग चहाची ऑर्डर दिली. मिस्तरी तोंड उघडेनात. तेव्हा मीच विचारलं. मीच.

"मावशी, सिंधूताई शाळेत गेल्या तवा केवढ्या होत्या?"

मावशीचा चेहरा उजळला. "सिंधी? लहानशी होती बाप्पा. चार वर्साची बी नसन पुरी. तिची माय मेली, आमाले कापूस येचाले जा लागे. पोट्टीले ठेवाव कोणापाशी? मास्तरच्या हातापाया पडलो, म्हटलं बसू द्या शाळेत एका कोपऱ्यात. मास्तर म्हने, नियम हाय, कान हाताले लागला पाह्यजे. तिचा कायचा लागते! हात हा एवढासा." मावशीनं बोटभर माप दाखवलं. "मंग मास्तरालेच कीव आली. म्हने, पोरी, मान तिरपी कर. तिनं अशी मान वाकोली, आन लागला कान! झाली सहा वर्साची!"

मावशीनं स्वतःची म्हातारी मान वाकवून, हात डोक्यावरून नेऊन कान धरून दाखवला आणि खळखळून हसली. दात नसलेलं, मोकळं हसू. मीही हसलो.

मिस्तरी बोटं मोजत होते. मी त्या बोटांकडे बघत होतो. "म्हंजे दोन वर्सं लहान," ते म्हणाले.

"दोन, अडीच धरा," मावशी म्हणाली.

"सत्तेचाळीस बी नाई मंग."

ते इतक्या हळू बोलले की मावशीला ऐकू गेलं नाही. आणि मला, लाज वाटते सांगायला, पण खरं तेच सांगतो, मला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर आनंद. अकरा वर्षांचा वाद मी जिंकलो होतो. तो आनंद फार टिकला नाही. पण आधी तोच आला.

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. आर्वी मागे पडेपर्यंत मिस्तरी खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "सर, मळका पंप मी उघडत नाई."

"माहीत हाय."

"मंग धुवे कोण?"

मी त्यांच्याकडे बघितलं.

"लोकं तं तसाच आणून टाकत. आत औषध राहे, बाहीर औषध वाहे. सीझनले रोज पंधरा-वीस पंप. ते सारे सिंधू धुवे. आंगणात, टाक्यापाशी बसून. हातात काई नाई, तोंडाले काई नाई. पाणी उडे अंगावर. त्याच हातानं मंग भाकरी. अठ्ठावीस वर्सं, सर." त्यांनी पिशवीची घडी घातली, उघडली, परत घातली. "मी तं नोझल तोंडानं फुकलं. औषध माह्या तोंडात गेलं. व्हाले पाह्यजे तं मले पाह्यजे होतं. मले काऊन नाई झालं?"

तेव्हा मला सगळं उमगलं. हा माणूस अकरा वर्षं लोकांच्या तेरवीला जाऊन कुणाचंच वय वाढवत नव्हता. वयानं कॅन्सर होतो हे खरं ठरलं, तर त्याच्या अंगणातलं ते पाणी निर्दोष सुटत होतं. आणि मी रोज संध्याकाळी, चहा पीत, उदाहरणं देत, ते पाणीच दोषी आहे असं त्याला सिद्ध करून दाखवत होतो. वर त्याचाच पंप मागून आणून त्यावर पाटीही लावली होती. अकरा वर्षं.

मी काय बोललो सांगू? मी म्हणालो, "खिडकी लावून घ्या मिस्तरी, वारा लागते."

त्यांनी खिडकी लावली.

त्यानंतर त्यांनी वयं विचारणं सोडलं. बाजारातले एक किराणावाले आजारी होऊन गेले, आम्ही दोघंही भेटायला गेलो. मिस्तरी मागे भिंतीला टेकून बसले. शेवटी गेलेल्याचा भाऊ स्वतःच म्हणाला, "एकावनचा होता, मिस्तरी. पण कागदाचं काय धरता." सवयीनं त्यानं वाट बघितली, काही वर्षं मिळतील म्हणून. मिस्तरी म्हणाले, "एकावनचाच असन." भाऊ खट्टू झाला. मला तेव्हा कळलं की घरोघरी लोकांना त्या वाढवून दिलेल्या वर्षांचा राग यायचा, तसा थोडा आधारही वाटायचा. आपलं माणूस तेवढं तरी जगलं, असं.

पोरांनी कान धरून दाखवले तरी ते तसेच पुढे निघून जायचे. पोरांनीही मग ते बंद केलं.

संक्रांत होऊन गेल्यावर एका संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर आले. नेहमीच्या जागी बसले. मला इतका आनंद झाला की मी उगाचच उपरणं झटकलं.

"सर, एक इचारतो. तुमच्या पुस्तकात काय लिवलं हाय ते सांगा. वाद नाई. कॅन्सर वयानं होते का हवेपाण्यानं?"

मी उत्तर तयार करून ठेवलं होतं. दोन महिने तयार करत होतो. "वयानं," मी म्हणालो. "तुमचंच बरोबर होतं, मिस्तरी. वयानंच होते."

ते माझ्याकडे वळून बसले. "तुमी हारून काऊन राह्यले सर?"

"हारून नाई..."

"अकरा वर्सात एक दिवस हारले नाई तुमी. मी काय लहान हाव का? मले अशी भीक नका घालू जी. खरं सांगा."

मग मी खरं सांगितलं. म्हणालो, "आपल्या अंगात रोज नवा माल तयार होते, जुन्याची नक्कल पाहून. नक्कल करतानी चूक होते. वय वाढते तशा चुका साचत जाते. म्हणून म्हाताऱ्याईले जास्त होते, ते तुमचं खरं. धूर, तंबाखू, औषध, यानं चुका वाढते, ते माहं खरं. आन काही चुका अशाच होते, काई कारण नसतानी. गावाचं सांगता येते, जिल्ह्याचं सांगता येते. पण एका माणसाले काऊन झाला, ते कोणी नाई सांगू शकत. कोणताच डॉक्टर नाई. सिंधूताईले काऊन झाला ते मले नाई माहीत, मिस्तरी. कोणालेच नाई माहीत."

हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. कुठल्याही चांगल्या पुस्तकात आहे. पण ओट्यावरच्या वादात या उत्तराचा उपयोग नसतो, कारण त्यानं कुणीच जिंकत नाही. म्हणून मी ते अकरा वर्षं खिशात ठेवून बसलो होतो, आणि ज्याला त्याची गरज होती तो माणूस माझ्यापासून दोन हातांवर बसत होता.

मिस्तरींनी ऐकून घेतलं. मान हलवली. मला वाटलं, संपलं. पण ते उठले नाहीत. फरशीकडे बघत म्हणाले, "मंग दुसरं सांगा. सिंधू माह्यावर राग धरून गेली असन का?"

हा प्रश्न माझ्या पुस्तकातला नव्हता.

"भाऊजी," आतून आवाज आला. मंदा दारात उभी होती. हातात चहाचा ट्रे होता, तो तिनं खाली ठेवला आणि त्या ओट्यावर, आमच्या दोघांच्या मध्ये, चक्क बसली. सिंधूबाई वर्ध्याला दवाखान्यात होत्या तेव्हा मंदा आठवड्यातून दोनदा त्यांच्याजवळ जाऊन बसायची, हे मला माहीत होतं. तिथं काय बोलायच्या हे मी कधी विचारलं नव्हतं.

"भाऊजी, पंप घरी आणत जा, असं तुमाले पहिले कोणी म्हटलं होतं?"

मिस्तरी गोंधळले. "मीच आणो."

"नाई. आठवा."

ते आठवू लागले.

"सिंधूताईनं मले दवाखान्यात सांगतलं. लग्न झालं तवा तुमी दिवसभर दुकानात, संध्याकाळी याचं, जेवाचं, झोपाचं. बोलाले घरात माणूस नाई. मंग तिनंच म्हटलं तुमाले, धुवाचे पंप घरी आणत जा, दुकानात पोट्टे नीट धूत नाई, मी धून देतो. धुवाची काई हौस नोती तिले. पंप घरी आले तं मागोमाग तुमी बी आले. टाक्यापाशी तुमी बाज टाकून बसत आन सांगत राहत, हा कोणाचा पंप, कोणत्या गावचा, त्याच्या घरी काय चाल्लं, कोणाच्या पोरीचं जमलं. सिंधूताई धुवे आन आयके. म्हने, मंदा, माह्या संसारात बोलणं झालं ते सारं तिथंच झालं. डॉक्टरनं सांगतल्यावर बी तिचं म्हणणं तेच. राग नोता, भाऊजी. तुमी घरी एकटे बोलान कोणाशी, याचीच तिले काळजी होती."

मिस्तरींनी मान वर केली.

"हो. तिनंच म्हटलं होतं. लुगड्याचा पदर खोचून उभी होती दारात, म्हने आणा ना घरी, मी धून देतो." त्यांनी दोन्ही तळहातांनी चेहरा पुसला. "हे मी इसरूनच गेलतो, वैनी. मीच तिले कामाले लावलं, तेवढंच ध्यानात राह्यलं."

त्यानं काही सुटलं असं मी म्हणणार नाही. पाणी अंगावर उडालं ते उडालंच होतं. पण मिस्तरी अकरा वर्षांत पहिल्यांदा सिंधूबाईंबद्दल बोलत होते, त्यांच्या वयाबद्दल नाही.

मी मंदाला म्हणालो, "अगं, हे तू आधी का नाही सांगितलंस?"

ती माझ्याकडे वळलीसुद्धा नाही. "कवा सांगू? तुमचं सुरूच राहे. मी चहा ठेवो आन आत जाओ."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. अकरा वर्षांच्या संध्याकाळी मी आठवून बघितल्या. त्यात माझे सगळे मुद्दे मला आठवत होते. ती दारात किती वेळ थांबायची, हे आठवत नव्हतं.

मिस्तरी थोडे पुढे सरकले. "वैनी, आखीन काय म्हने ते?"

मंदा सांगू लागली. चहा निवून गेला होता. मी ट्रे उचलला आणि आत गेलो, म्हटलं आज आपण करू नवा. गॅस पेटवला, आधण ठेवलं, आणि मग सगळे डबे उघडून बघत बसलो. साखर कशात असते, ते मला ठाऊक नव्हतं.